हात मांडीखाली

"हे पान तुमच्या मुलीनं लिहिलेलं नाही."

"मग काय भुतानं लिहिलं?"

"भुतानं लिहिलं असतं तर एखादी तरी चूक सापडली असती. हे तुम्ही लिहिलंय."

"मी? अहो बाई, मी फक्त वरून हात फिरवला."

"कुठून कुठपर्यंत?"

"पहिल्या ओळीपासून..." पेंटर जरा अडखळले, "शेवटच्या ओळीपर्यंत. पण फक्त वरून!"

"आणि खाली काय होतं?"

"खाली तिचंच होतं की!"

"दाखवा."

"आता कसं दाखवणार? झाकलं गेलं ना ते!"

हे भांडण चालू होतं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत अडकले होते. खरोखरच अडकले होते. पहिलीच्या बाईंचा नियम असा की, भेटायला येणाऱ्या पालकांनी मुलांच्याच खुर्चीत बसायचं. "मोठी माणसं मोठ्या खुर्चीत बसली की भाषण देतात," त्या म्हणायच्या, "छोट्या खुर्चीत पोट दाबलं जातं, मग आवाज बेतानं निघतो." सव्वीस वर्षं पहिलीलाच शिकवत होत्या त्या. वरचे वर्ग घ्या म्हणून कितीदा सांगितलं तरी घेतले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'सव्वीस वेळा पहिलीत नापास' म्हणत, आणि ते त्याच सगळ्यांना हसून सांगत.

पेंटरांपुढे मात्र खुर्चीची मात्रा चालत नव्हती. सहा फुटी माणूस, गुडघे कानांशी आलेले, बाहीवर तीन रंगांचे शिंतोडे, कानामागे खडू आणि आवाज थेट पटांगणापर्यंत. त्यांच्यानंतर माझा नंबर होता. आमचे चिरंजीव त्याच वर्गात. उठून बाहेर जावं तर खुर्चीही माझ्यासोबत आली असती, म्हणून मी भिंतीवरची मांजरांची चित्रं अतिशय मन लावून बघत बसले.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "हे पान मी तीन आठवडे भिंतीवर लावून ठेवलं. बघा रे, किती सुंदर, असं सगळ्या वर्गाला दाखवलं."

"मग! म्हणजे चूक तुमची!"

"निम्मी."

"आणि उरलेली निम्मी?"

"समोर बसलीय. गुडघे वर करून."

मला खोकला आला. पेंटरांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी पुन्हा मांजरांकडे.

"ती वर्गात काय करते माहितेय तुम्हाला?" बाईंचा आवाज आता खाली आला होता. "कोरं पान समोर घेते. पेन्सिलीला टोक काढते. परत काढते. तिसऱ्यांदा काढते. मग हात वर करून मला विचारते, 'बाई, ठिपके?'"

पेंटरांनी बाहीवरचा एक शिंतोडा नखानं खरवडला.

"वर्गात तिचं नावच पडलंय, ठिपकी. पहिल्यांदा मला कळेना, कसले ठिपके मागते ही. मग लक्षात आलं. घरी तुम्ही ठिपके काढून देता, ती जोडते, आणि नंतर तुम्ही वरून हात फिरवता."

"मग शिकवायचं कसं? माझ्या उस्तादांनी मलाही ठिपकेच दिले होते. दोन वर्षं! आज गावात माझ्या हातच्या दीडशे पाट्या आहेत."

"तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?"

"सोळा."

"ही सहाची आहे." बाईंनी पान मिटलं. "हे बघा, तुम्हाला आधी सांगते, नंतर म्हणाल कळवलं नाही. सत्राच्या शेवटच्या शनिवारी मोठ्या बाई वर्गात येतात. प्रत्येक मुलानं त्यांच्यासमोर एक ओळ लिहायची. आपल्या मनातली, आपल्या हातानं. हिनं लिहिली नाही, तर त्या हिला परत बालवर्गात बसवणार आहेत."

"बालवर्गात? मातीचे गोळे वळायला?"

"मी नको म्हणून भांडतेय. पण भांडायला हातात काहीतरी लागतं ना! वहीत माझ्याकडे काय आहे? पेन्सिलीची सालं."

पेंटरांनी मान खाली घातली. पोट दाबलं गेल्याचा परिणाम उशिरा का होईना, झाला. "किती दिवस आहेत?"

"पाच आठवडे."

"मग आजपासून सकाळ-संध्याकाळ बसवतो तिला. दोन-दोन तास."

"दहा मिनिटं. एकदाच. तुम्ही शेजारी बसायचं आणि हात मांडीखाली."

"कुणाचे?"

"तुमचे. उजवा उजव्या मांडीखाली, डावा डाव्या."

"आणि तिचं चुकलं तर?"

"चुकू दे."

"वाकडं आलं तर?"

"येऊ दे."

"मग मी तिथं बसून करायचं काय? डास मारायचे? तेही हात मांडीखाली ठेवून?"

"विचारायचं, काय लिहिलंस, वाचून दाखव. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, आणि 'थांब, मी दाखवतो' हे तर मुळीच नाही."

पेंटर उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. ती सोडवून, जागेवर ठेवून, दारापर्यंत जाऊन ते वळले. "बाई, वाकडं अक्षर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही. कागदावरचं खोडता येतं. भिंतीवरचं वीस-वीस वर्षं खाली उतरत नाही."

तेव्हा मला वाटलं, रागाच्या भरात माणूस बोलतो तसं बोलले असतील.

पेंटर ही असामी सगळ्यांच्याच ओळखीची होती, पण ओळख होती ती पाठीकडून. कारण ते कायम शिडीवर, तोंड भिंतीकडे. औषधांचं दुकान, सायकलवाला, केशकर्तनालय, दाताचा दवाखाना, बेकरी, सगळ्या पाट्या त्यांच्या. निम्मी गिऱ्हाइकं छापील फ्लेक्सकडे गेली तेव्हा लोक म्हणाले, आता ह्यांचं काही खरं नाही. पेंटर म्हणाले, "फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत चेहरा टाकतो. माझी पाटी दुकानदाराच्या आधी म्हातारी होत नाही." काम सुरू करण्यापूर्वी खडूत घोळवलेली दोरी भिंतीवर ताणून धरायचे आणि फटकन सोडायचे. भिंतीवर रेघ उमटायची, अशी सरळ की तिच्यावरून मुंगीला सायकल चालवता आली असती. त्या दोरीला ते 'आई' म्हणायचे. "आईला विचारल्याशिवाय मी अक्षर काढत नाही." मोठ्या बाईंनीही शाळेच्या सगळ्या दारांवरच्या पाट्यांचं काम त्यांनाच दिलं होतं. 'पहिली'ची पाटी तेवढी राहिली होती, ती शेवटच्या शनिवारी सकाळी, वर्ग बघायला पालक यायच्या आत, लिहून द्यायची होती.

त्यांची एक सवय मात्र मी कित्येक महिने बघत होते. रोज सकाळी ते मुलीला सोडायचे आणि शाळेच्या फाटकातून बाहेर पडले की उजवीकडे वळायचे. घर त्यांचं सरळ रस्त्यावर, दुधाचं दुकानही तिकडेच. तरी हा माणूस उजवीकडे वळणार, दोन गल्ल्या चालणार, बेकरीला वळसा घालणार आणि मग घरी. मी एकदा ठिपकीच्या आईला विचारलं. त्या इस्पितळात परिचारिका. पाळी संपवून थेट फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या आणि आमच्या गप्पा व्हायच्या.

"मलाही सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "लग्नाला नऊ वर्षं झाली. दूध आणायला अर्धा तास लावतात. मी आता विचारायचंच सोडलं, दही आणायला सांगायला लागले."

घरच्या दहा मिनिटांची हकिकतही त्यांच्याकडूनच कळायची, रोजच्या रोज.

"पहिल्या दिवशी काय झालं सांगू? बसले. हात मांडीखाली घातले. ठिपकीनं पेन्सिल उचलली, अजून टेकवलीही नाही, तर ह्यांचा उजवा हात बाहेर! जणू कुणी दोरी ओढली. म्हटलं, अहो! तर म्हणतात, खाज आली होती."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी हात आत, पण मान चालू. अशी, अशी. मानेनंच अक्षर काढून दाखवत होते. आता पोरगीच त्यांची मास्तरीण झालीय. 'बाबा, हात! बाबा, मान!' एरवी गावाला सरळ रेघ शिकवणारा माणूस घरी खाली मान घालून बसतो."

"आणि ठिपकी लिहिते का?"

त्यांचं हसू ओसरलं. "नाही हो. दोघं त्या कोऱ्या पानाकडे अशी बघत बसतात, जसा काही त्याच्यावर सिनेमा चाललाय. दहा मिनिटं झाली की ती उठते. परवा मी वैतागून विचारलं, अभ्यास घेताय की मौनव्रत?"

असे दोन आठवडे गेले. पंधराव्या दिवशी पेंटरांचा धीर सुटला. त्यांनी हळूच, अगदी फिके, ठिपके काढून दिले. "एवढं एकदाच, आईला सांगायचं नाही," असंही बजावलं. ठिपकीनं आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या तिनं बाईंना सांगितलं, आणि तेही उड्या मारत: "बाई, बाबांनी ठिपके दिले! चोरून!"

आम्हाला वाटलं, आता पेंटरांना परत छोटी खुर्ची. पण बाई फाटकाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी तुमची पाळी."

बाईंच्या वर्गात दर गुरुवारी पहिला तास एका पालकाचा असे. भाषणबिषण नाही, आपण जे काम करतो ते मुलांना करून दाखवायचं. एका शिवणकाम करणाऱ्या आईनं अख्ख्या वर्गाची मापं घेतली आणि मुलांनी ती लिहून ठेवली. कुणाचं डोकं नारळाएवढं, कुणाचं टरबुजाएवढं. नळदुरुस्तीवाल्या बाबांनी नळ खोलून दाखवला तेव्हा मोजायला, वाचायला आणि पुसायला इतकं निघालं की तास पुढे दोन दिवस चालला.

"मी वर्गात काय दाखवू?" पेंटर म्हणाले. "वर्गात शिडी मावायची नाही."

"वर्गात कशाला? पाट्या बाहेर आहेत, आपण बाहेर जाऊ. मुलं अक्षरं शोधतील."

तर त्या गुरुवारी आमची वरात निघाली. बावीस मुलं, पुढे पेंटर, मधे बाई, शेवटी रस्ता ओलांडण्यापुरती मी. प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी आणि पेन्सिल. ओळखीचं अक्षर दिसलं की टिपून घ्यायचं. ठिपकीची पट्टी कोरीच होती, पण बापाचं बोट धरून ती अशी चालत होती की राणीनं शिकावं.

फाटकातून पेंटर उजवीकडे वळले, आणि काय सांगू, शिडीवर पाठमोरा दिसणारा हा माणूस इतकं बोलत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"हे केशकर्तनालय. एवढं मोठं नाव आणि एवढंसं दार! मग काय केलं? अक्षरांना म्हटलं, बाबांनो, जरा सरकून घ्या, सगळ्यांना बसायचंय."

"हा दाताचा दवाखाना. इथलं रंगकाम चालू होतं तेव्हा आतून एक माणूस ओरडला, आणि माझा हात हलला. ही बघा, ही वेलांटी. तिचं मी फूल करून टाकलं."

पोरं हसून लोळत होती. सायकलवाल्याच्या कोऱ्या भिंतीवर पेंटरांनी दोरी ताणली आणि एकेका मुलाला फटकन सोडू दिली. चिरंजीवांच्या नाकावर खडू, डोळ्यांत खडू, घरी आणल्यावर खिशातही खडू निघाला.

परत येताना आम्ही बेकरीकडून मोठ्या रस्त्याला लागलो. इथून सरळ गेलं की दोन मिनिटांत शाळा. पेंटर मागे वळायला लागले.

"काका, इकडून सरळ शाळा आहे," चिरंजीव म्हणाले.

"आपण आलो तसंच जाऊ."

"का? इकडे काय आहे?"

"इकडे काही नाही."

"मग रस्ता कशाला केलाय?"

उत्तर ठिपकीनं दिलं. "बाबा इकडून कधीच जात नाहीत. दूध आणायला पण नाही."

बावीस तोंडं वर झाली. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी काहीतरी बोलून विषय बदलावा, नाहीतर चला चला म्हणावं, असं मला वाटत होतं. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. आणि उभ्या राहिल्या.

पेंटर कानामागचा खडू काढून परत कानामागे ठेवत म्हणाले, "तिकडे एक लाँड्री आहे."

"तिला पाटी आहे?" ठिपकीनं विचारलं.

"आहे."

"तुम्ही केली?"

"...हो."

"मग दाखवा की!"

ते गेले. म्हणजे पाय गेले, मान खालीच होती. लाँड्रीसमोर उभे राहिले आणि वर न बघता नुसतं बोट केलं.

निळ्या रंगाची जुनी पाटी. पिवळी अक्षरं, मालकाच्या नावासकट. पहिलं ताठ, शेवटचं ताठ, आणि मधलं मागे रेललेलं, कुणाची तरी वाट बघून कंटाळल्यासारखं. वरची रेघही तिथं लचकली होती. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना.

"काका, हे अक्षर पडतंय," चिरंजीव म्हणाले. मी त्यांचा कान पकडायला पुढे झाले.

"एकवीस वर्षं पडतंय," पेंटर म्हणाले. "उस्तादांशिवाय केलेली माझी पहिली पाटी. दोरी घरी विसरलो होतो. म्हटलं, काय त्यात, अंदाजानं मारतो. रंग वाळल्यावर खाली उतरलो आणि लांबून बघितलं... तेव्हापासून ह्या रस्त्यानं आलो नाही."

एवढ्यात आतून लाँड्रीवाले बाहेर आले, हातात इस्त्री तशीच. "अरे! पेंटर! वाट चुकलात की काय? आणि हे सगळे कोण, धुवायला आणलेत?"

"पाटी दाखवत होतो. ते मधलं अक्षर... वाकडं आलंय ना."

"कुठलं?" लाँड्रीवाले रस्त्यात उतरले, डोळे बारीक करून वर बघितलं. "अरेच्चा! खरंच की!"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार? पाटी बाहेर, मी आत."

"आणि गिऱ्हाइकं? कुणी काही बोललं नाही? एकवीस वर्षांत?"

"गिऱ्हाइकं बोलतात की. डाग गेला नाही म्हणून बोलतात. बटण तुटलं म्हणून बोलतात. अक्षराबद्दल कोण बोलणार? लाँड्री म्हणून वाचता येतं, बस्स."

पेंटरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकवीस वर्षं, रोज दोन गल्ल्यांचा फेरा. मनातल्या मनात बहुतेक गल्ल्याच मोजत असावेत.

ठिपकी अजून वरच बघत होती. "बाबा, ह्याला ठिपके नव्हते?"

"नव्हते."

"दोरी पण नाही?"

"नाही."

"मग तुम्ही सुरू कसं केलं?"

पेंटरांनी पहिल्यांदा मान वर करून त्या अक्षराकडे नीट बघितलं. "कसं म्हणजे... ब्रश टेकवला. आणि केलं."

"आता आलाच आहात तर सरळ करून देता का?" लाँड्रीवाले म्हणाले.

"नको!" ठिपकी इतक्या जोरात ओरडली की आतला कुत्रा भुंकला. "तसंच राहू दे!"

त्या संध्याकाळची हकिकत मला दुसऱ्या दिवशी फाटकाशी मिळाली. ठिपकीच्या आई रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे लाल, पण झोप कुठल्या कुठे.

"काल आल्या आल्या म्हणाली, बाबा, बसा. हात. हे बसले. तिनं टोक काढलं. एकदाच! आणि टेकवली पेन्सिल. आणि चाललीय, चाललीय, जीभ बाहेर, ओळ चाललीय वर डोंगर चढत. अक्षरं अशी, की एकाची दुसऱ्याशी बोलचाल नसावी. मी लिहिण्याकडे बघतच नव्हते, मी ह्यांच्याकडे बघत होते. घाम फुटला होता हो! हात बधिर झाले, मुंग्या आल्या, पण बाहेर काढले नाहीत."

"काय लिहिलं?"

"तेच ह्यांनी विचारलं, बाईंनी सांगितलं तसं. तर वाचून दाखवते कशी: 'बाबा दूध आणायला सरळ जातात.'"

"अगं बाई! मग?"

"मग काय, उठले, पिशवी घेतली आणि दूध आणायला गेले. पाच मिनिटांत परत! घरात दूध होतं की. काल दोन पिशव्यांची खीर केली."

पण पहिलीतल्या मुलांचं असं असतं, की घरी उमललेलं शाळेत मिटतं. पुढच्या दोन आठवड्यांत ठिपकीनं वर्गात चारदा लिहिलं आणि सहादा नुसतं टोक काढलं. बाईंनी त्या चार ओळी भिंतीवर लावल्या, आधीच्या सुंदर पानाच्या जागी. कुठल्या दिवशी लिहील आणि कुठल्या दिवशी नाही, त्याचा काही नेम नव्हता. "घरी दहा मिनिटं चालू ठेवा," एवढंच बाई सांगत. आणि शनिवार आला.

आठ वाजता पेंटर डबे घेऊन हजर. वर्गाचं दार बंद करून त्यावर पाटीची कोरी फळी ठोकली, दोरी ताणली, फटकन सोडली. पांढरी रेघ. ब्रश भिजवला. तेवढ्यात बाजूच्या दारानं मोठ्या बाई वर्गात शिरल्या. आवाज मऊ, पण बूट खडखडणारे. मुलं एकेक करून लिहीत होती, त्या वाचत होत्या. आम्ही काही पालक लवकर येऊन खिडकीशी उभे होतो.

"हं. आता तू. लिही हं बेटा, एक ओळ."

ठिपकीनं टोक काढलं. मोठ्या बाई वाकून उभ्या राहिल्या. तिनं परत टोक काढलं. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा टोक काढताना शिसंच मोडलं. पान कोरं.

"बाई," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"भिंतीवर चार ओळी आहेत तिच्या."

"मी माझ्यासमोर म्हटलं होतं." आणि त्या पुढच्या बाकाकडे वळल्या. हातातल्या यादीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. पहिलीच्या बाईंचे हात पाठीमागे होते. बोटं पांढरी पडली होती.

ठिपकी उठली. कुणाला न विचारता बाजूच्या दारानं बाहेर आली आणि बापाजवळ जाऊन उभी राहिली. पेंटरांनी सगळं ऐकलं होतं. ब्रश हातात तसाच, अजून टेकवला नव्हता.

"बाबा, मी करू?"

पेंटरांनी फळीकडे बघितलं. रेघ होती, जागा आखलेली होती, आणि दीडशे पाट्यांचा हात होता. त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला. मग पुढे झाले आणि बाहीनं ती खडूची रेघ पुसून टाकली. आईची रेघ!

चिरंजीवांना कुठून सुचलं कोण जाणे, आतून एक छोटी खुर्ची ओढत आणली. "काका, बसा."

पेंटर बसले. गुडघे कानांशी. हात मांडीखाली.

ठिपकी उपड्या डब्यावर चढली. ब्रश टेकवला. पहिल्या अक्षराचं पोट फुगलं. दुसरं त्याला चिकटायला गेलं आणि रंगाचा एक ओघळ निघाला. पेंटरांचा खांदा हलला, खुर्ची कुरकुरली, हात आतच राहिले. तिसऱ्या अक्षरापर्यंत जागा संपत आली, तेव्हा तिनं ते जरा तिरकं करून, खांदा मोडून, कडेला बसवलं. 'पहिली.'

"काय लिहिलंस?" पेंटरांनी विचारलं.

"वाचता येत नाही का? पहिली!"

खडखड बूट वाजले. मोठ्या बाई बाजूच्या दारानं बाहेर आल्या. त्यांनी पाटी बघितली, ठिपकीच्या कोपरापर्यंत लागलेला रंग बघितला, छोट्या खुर्चीतला तो मोठा माणूस बघितला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"बाबांनी ठिपके काढून दिले?"

"नाही. दोरी पण पुसली. बघा." तिनं बापाच्या बाहीकडे बोट केलं. बाही पांढरी झाली होती.

मोठ्या बाईंनी वाकून बाही नीट बघितली. मग चष्मा वर सरकवून त्यांनी यादी उघडली आणि एक रेघ मारली. "हिचं नाव बालवर्गातून काढलंय, बाई. हिला इथंच राहू दे."

पहिलीच्या बाईंनी हात सोडले. एवढंच. पण तो आवाज मला ऐकू आला असं वाटलं.

"पण काय हो पेंटर," मोठ्या बाई आता पाटीजवळ गेल्या, "कौतुक ठीक आहे, दारावर ही अशी पाटी? आत्ता सगळे पालक येतील. ते शेवटचं अक्षर बघा, कुठं चाललंय. तेवढं जरा सरळ करून द्या. तुमच्या हाताला काय, दोन मिनिटांचं काम!"

ठिपकी डब्यावर तशीच उभी. ब्रश घट्ट धरलेला. तिनं बापाकडे बघितलं.

पेंटर उठले. खुर्ची बरोबर उठली. ती सोडवून त्यांनी भिंतीशी नीट लावून ठेवली. मुलीच्या हातातून ब्रश घेतला. पाटीजवळ गेले, त्या शेवटच्या अक्षराकडे बघितलं, अगदी जवळून. मग खिशातलं फडकं काढून ब्रश पुसला, डब्याचं झाकण दाबून बसवलं, दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

"अहो, मी काय म्हणतेय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

पेंटरांनी पिशवी खांद्याला लावली, पटांगण ओलांडलं आणि फाटकातून बाहेर पडून सरळ रस्त्यानं निघून गेले.